आधी नखं, मग गाणं

(वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं)

मागच्या अंकात मी सहज लिहून गेले होते की आपली बालवाडी पुस्तकातून नाही, अंगणातून आली. त्या एका वाक्यावर एवढी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. त्यातली चार निवडली आहेत. नव्या वाचकांसाठी एवढंच सांगते की मी डहाणू-तलासरी भागात 31 वर्षं मुख्यसेविका होते. म्हणजे अंगणवाड्यांना भेटी द्यायच्या, वजनं तपासायची, नोंदवह्यांवर सह्या करायच्या. मी इतिहासाची प्राध्यापक नाही. पण ज्या पाड्यांवर हा इतिहास घडला तिथल्या पायवाटा माझ्या पायाखालच्या आहेत.

परभणीहून डी.एल.एड.ची, म्हणजे शिक्षक व्हायचा अभ्यासक्रम करणारी, एक विद्यार्थिनी लिहिते: ताई, अंगणवाडी योजना 1975 साली केंद्र सरकारने सुरू केली असं आमच्या नोट्समध्ये आहे. मग 'अंगणवाडी' शब्दापुढे ताराबाई मोडकांचं नाव का येतं? दोन्ही बरोबर कसं?

मुली, पेपरात लिहायचं असेल तर एका ओळीत लिही: योजना सरकारची, शब्द आणि रीत ताराबाईंची. तेवढ्यावर गुण मिळतील. आता पेपर बाजूला ठेव.

ताराबाई मुंबईच्या, जन्म 1892, माहेरच्या केळकर. घर प्रार्थना समाजाचं, म्हणून मुलीला शिकवलं. 1914 साली त्या बी. ए. झाल्या. लग्न अमरावतीच्या वकिलांशी झालं, ते टिकलं नाही. लहान लेकीला घेऊन त्या राजकोटला बायकांच्या ट्रेनिंग कॉलेजच्या प्रमुख झाल्या, आणि तिथून 1923 साली नोकरी सोडून भावनगरला गिजुभाई बधेकांकडे गेल्या. हे गिजुभाईही मूळचे वकील. मुलगा झाला, त्याला घालायला धड शाळा दिसेना म्हणून इटलीच्या मारिया माँटेसरीबाईंचं लहान मुलांच्या शिक्षणावरचं पुस्तक वाचलं, आणि वकिली सुटली ती सुटलीच. 1920 साली त्यांनी भावनगरला बालमंदिर काढलं. गुजरातेत त्यांना 'मूछाळी मा' म्हणतात, मिशीवाली आई. 1926 साली ताराबाई आणि गिजुभाईंनी नूतन बाल शिक्षण संघ उभा केला. पुढे ताराबाई मुंबईला आल्या, 1936 साली दादरला शिशुविहार निघालं, मराठी 'शिक्षणपत्रिका' चालू होतीच. म्हणजे नाव झालं होतं, माणसं जोडली होती, शहरात काम जमलं होतं. आणि 1945 साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, बाईंनी बोर्डीचा रस्ता धरला.

का? कारण माँटेसरी, बालमंदिर, शिशुविहार हे सगळं ज्या घरांत पोचत होतं ती घरं मुलांना कुठे ना कुठे घालणारच होती. हे माझं वाचन आहे, पण बोर्डीत पुढे जे झालं ते बघ आणि तूच ठरव.

बोर्डी समुद्रकाठचं गाव, चिकूच्या वाड्यांचं. तिथे बालवाडी उघडली आणि गावातली मुलं आली. गावाच्या कडेला जी दलित वस्ती होती तिथली पोरं येईनात. एरवी अशा वेळी 'पालकांना महत्त्व कळत नाही' असं म्हणून अहवाल पूर्ण करतात. मी स्वतः असे अहवाल लिहिलेले आहेत, लपवत नाही. ताराबाईंनी काय केलं? सतरंजी उचलली आणि वस्तीतल्या अंगणात नेऊन पसरली. शाळा तिथेच, मुलांना सोयीची वेळ असेल तेव्हा. मग त्यांनी बालवाडीचे दोन प्रकारच धरले. एक मध्यवर्ती बालवाडी, ठरलेल्या जागी ठरलेल्या वेळेला भरणारी. दुसरी अंगणातली. ती झाली अंगणवाडी.

मुलं का येत नसतात हे मला विचारशील तर सांगते. आई सकाळी आठला मजुरीला जाते. पाच वर्षांच्या पोराच्या कडेवर दीड वर्षाची बहीण असते, तिला टाकून तो येणार कसा? अंगात घालायला धड नसतं. डोक्यात उवा, नाकाला शेंबूड, आणि हे त्याला स्वतःलाच कळत असतं, तेच जास्त लागतं. म्हणून त्यांच्या बालवाडीत दिवस सुरू व्हायचा तो पाण्याच्या घागरीपासून. मुलांना आंघोळ, केस विंचरणं, नखं कापणं. मग गाणं. कडेवरची बहीणही आली तर येऊ दे, तिच्यासाठी पाळणाघर. पुढे कोसबाडला पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एका छपराखाली आणली, तिला नाव दिलं विकासवाडी. गुरं राखणाऱ्या पोरांना गुरं सोडून येता येत नाही, म्हणून शिक्षक त्यांच्यामागे माळावर गेले, ती कुरणशाळा. प्रत्येक नावात बघ, पोराची अडचण आधी आहे आणि शाळा मागून चालली आहे.

या सगळ्यात ताराबाईंच्या सोबत अनुताई वाघ. जन्म 1910, मोरगावचा. तेराव्या वर्षी लग्न आणि वर्षाच्या आतच वैधव्य. पुढे शिकल्या, पुण्यात शिक्षिका झाल्या, आणि 1945 साली बोर्डीला आल्या त्या कायमच्याच. 1957 च्या सुमाराला काम बोर्डीहून कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांच्या मधोमध गेलं. ताराबाई 1973 साली गेल्या. अनुताई 1992 पर्यंत तिथेच. ताराबाईंना 1962 साली पद्मभूषण मिळालं हे तुझ्या नोट्समध्ये असेलच, नोट्सना पुरस्कार फार आवडतात.

तुला एक बघितलेली गोष्ट सांगते. 1987 चा पावसाळा संपत आला होता. तलासरीकडच्या एका पाड्यावर मी अचानक भेटीला गेले. अंगणवाडी म्हणजे एका घराची पडवी, कुडाची भिंत, शेणाने सारवलेली जमीन. मी आत शिरत रजिस्टर मागितलं तर सेविकेने तोंडावर बोट ठेवलं. मुख्यसेविकेला! मी गप्प. कोपऱ्यात एक पोरगा बसला होता, साडेचार-पाचचा, मांडीवर धाकटी बहीण. समोर बांबूच्या सात कांड्या, वेगवेगळ्या लांबीच्या, सेविकेच्या नवऱ्याने कोयत्याने तोडून टोकं घासून दिलेल्या. पोरगा त्या लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीत लावत होता. पाचवी चुकली. त्याने ती उचलली, चौथीला लावून बघितली, बाजूला ठेवली. बहिणीने तेवढ्यात तिसरी ओढून तोंडात घातली. त्याने न चिडता ती तिच्या तोंडातून काढली, चड्डीला पुसली, जागेवर ठेवली. शेवटी सातही लागल्या. मग त्याने तळहात त्यांच्या डोक्यांवरून जिन्यासारखा वर नेला, एकदाच. कुणाकडे बघितलं नाही, टाळी नको, शाबासकी नको. उठला आणि गेला.

हे माँटेसरीबाईंचं साहित्य, फक्त लाकडी नाही आणि विकतचं नाही. ही रीतही बोर्डी-कोसबाडची: चिंचोके, शिंपले, बांबू, पानं, जे आसपास पडलंय ते. माझ्या तपासणीच्या फॉर्मवर उपस्थितीला रकाना होता, वजनाला होता, सुकडीच्या पाकिटांना होता. त्या सात कांड्यांना नव्हता. मी शेऱ्यात लिहिलं, 'काम समाधानकारक'. अजून लाज वाटते.

हां, तुझा 1975 चा मुद्दा राहिला. 2 ऑक्टोबर 1975 ला एकात्मिक बालविकास सेवा योजना देशभरात 33 प्रकल्पांत सुरू झाली. तिच्या केंद्राला जे नाव मिळालं ते अंगणवाडी. म्हणून दोन्ही बरोबर. फक्त क्रम लक्षात ठेव: अंगण आधी, योजना नंतर.

डोंबिवलीहून एक आजी: नातू साडेतीन वर्षांचा आहे. शाळेच्या पाटीवर मोठ्या अक्षरात 'माँटेसरी' लिहिलंय, फी ऐकून माझे डोळे पांढरे झाले. रोज घरी चार पानं लिहायला देतात. न लिहिता गेला तर बाकावर उभं करतात. सून म्हणते, माँटेसरीत असंच असतं. खरं का हो?

आजीबाई, मीही आजीच आहे, तेव्हा मोकळेपणी बोलू. पाटीवर 'माँटेसरी' कुणीही रंगवू शकतं. 'शुद्ध तुपातील' लिहिण्यासारखंच ते. आत डालडा आहे का हे चाखूनच बघावं लागतं.

मुळात ती शाळा निघाली कुणासाठी, हे सुनेला सांगा. रोममध्ये सान लोरेंझो नावाची कष्टकऱ्यांची वस्ती होती. एका कंपनीने तिथल्या मोडकळीला आलेल्या चाळी दुरुस्त केल्या. आईबाप कामावर गेले की पोरं मोकाट, नव्या भिंती खराब करायची, जिने विद्रूप करायची. रंग वाचावा म्हणून मालकांनी पोरांसाठी एक खोली काढून दिली आणि ती डॉक्टर मारिया माँटेसरींच्या हाती सोपवली. तारीख 6 जानेवारी 1907, मुलं पन्नासच्या आसपास. बाई पेशाने डॉक्टर, त्याआधी मतिमंद मुलांसाठी काम केलेलं. त्यांनी मुलांना उचलता येतील अशा हलक्या खुर्च्या करून घेतल्या, कपाटं बुटकी ठेवली, हाताळायला वस्तू दिल्या आणि मग मुख्य म्हणजे बघत बसल्या. म्हणजे तुमच्या नातवाची भारी फीची शाळा ज्या नावावर चालते, ते नाव मुळात चाळीतल्या पोरांच्या शाळेचं. मला ह्याचं हसू येतं, रागही येतो.

आता लिहिण्याचं. इथे मला तुमच्या बाजूने खोटं बोलता येणार नाही. सान लोरेंझोतली चार-चार वर्षांची मुलं लिहायला लागली होती, आणि त्याचा जगभर गवगवा झाला. पण कशी लागली? आधी कित्येक महिने दट्ट्या चिमटीत धरून लाकडी ठोकळ्याच्या भोकांत बसवणं, बटणं लावणं, पाणी ओतणं. त्याने बोटं तयार झाली. मग खरखरीत कागदातून कापलेली अक्षरं, त्यांवरून दोन बोटं फिरवायची आणि तोंडाने आवाज काढायचा. वही नाही, पानं नाहीत. एक दिवस पोराच्या हातात खडू आला आणि अक्षर आपोआप उमटलं. गव्हाची ओंबी आपण ओढून लांब करत नाही. चार पानं आणि बाकावर उभं करणं हे त्या बाईंच्या तर अगदी उलट आहे. त्यांनी शिक्षाही काढून टाकल्या आणि बक्षिसंही.

तेव्हा एक करा. नातवाला आणायला जाल तेव्हा अर्धा तास आधी जा आणि वर्गात डोकवा. वस्तू मुलांच्या हाताला लागतील अशा उंचीवर आहेत की काचेच्या कपाटात कुलूपबंद? दहा गुलाबी ठोकळ्यांचा मनोरा असतो, सगळ्यात मोठा दहा सेंटिमीटरचा आणि सगळ्यात धाकटा एक सेंटिमीटरचा. तो धाकटा जागेवर आहे का बघा. असेल तर कुणीतरी मुलांना तो जपायला शिकवलंय. अख्खा मनोराच पाहुण्यांना दाखवायला फडताळात असेल, तर त्यावर धूळ असेल. तीनची, चारची, पाचची मुलं एकत्र आहेत की ज्युनिअर-सीनिअर अशा कोंडवाड्यांत? एवढं बघून आलात की सुनेशी भांडायची गरज पडणार नाही, तिलाही सोबत न्या.

जाता जाता एक. माँटेसरीबाई 1939 च्या नोव्हेंबरात भारतात आल्या, मद्रासला अड्यारच्या थिऑसॉफिकल सोसायटीत. पहिल्याच वर्गाला देशभरातून 300 च्या आसपास शिक्षक जमले. युद्ध पेटलं होतं, इटली शत्रुपक्षात गेली, म्हणून इंग्रज सरकारने त्यांच्या मुलाला, मारिओला, स्थानबद्ध केलं. बाईंच्या सत्तराव्या वाढदिवसाला, 31 ऑगस्ट 1940 ला, त्याला सोडलं. आणि ज्या गिजुभाईंनी त्यांचं पुस्तक वाचून वकिली सोडली होती, 19 वर्षं त्या वाटेने चालले होते, ते 1939 च्या जूनमध्येच वारले होते. पाच महिन्यांनी चुकामूक झाली.

पुण्यातले एक निवृत्त गृहस्थ विचारतात: महाराष्ट्रात पहिलं किंडरगार्टन पंडिता रमाबाईंनी काढलं असं एका व्याख्यानात ऐकलं. आमचा समज त्या विधवांसाठी आश्रम चालवायच्या असा. खुलासा करावा.

'पहिलं' हा शब्द सोडून द्या काका, पहिलेपणावरून आपल्याकडे पुतळे उभे राहतात आणि भांडणंही. बाकी व्याख्यात्यांनी वावगं सांगितलं नाही.

आनंदीबाई जोशी 11 मार्च 1886 ला फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या. त्या सोहळ्यासाठी रमाबाई इंग्लंडहून अमेरिकेला गेल्या. परत फिरायचं ठरलेलं असताना तिथे रमल्या, आणि रमल्या कशात तर फ्रोबेलच्या किंडरगार्टनमध्ये. रीतसर वर्गाला बसून शिकून घेतलं, मराठीत तशी पाठ्यपुस्तकं करायच्या खटपटीला लागल्या. परत आल्यावर 11 मार्च 1889 ला, आनंदीबाईंच्या पदवीला बरोबर तीन वर्षं झाली त्या तारखेला, मुंबईत शारदा सदन उघडलं. पुढच्या वर्षी ते पुण्याला नेलं. तुमचा समज आणि व्याख्यान, दोन्ही तिथे एकत्र येतात. विधवा मुलींना पोटापुरतं काम हवं, आणि लहान मुलांना शिकवणारी बाई हवी. रमाबाईंच्या डोक्यात हे दोन हिशेब एकाच वहीत होते असं मला वाटतं. पुढे अनुताईंसारखी बालविधवा याच कामात आयुष्य घालते, तेव्हा ती ओळ सरळ दिसते.

फ्रोबेल हा जर्मन गृहस्थ. 1837 साली ब्लांकेनबुर्गला त्याने लहान मुलांची संस्था काढली, 1840 साली तिला नाव सुचलं किंडरगार्टन, मुलांची बाग. मुलांना तो 'भेटी' द्यायचा. पहिली भेट लोकरीचे सहा रंगीत चेंडू. दुसरी लाकडी गोळा, घन आणि नळकांडं. तिसरी एक घन, जो उघडला की आठ छोटे घन निघतात, आणि परत जुळवला की एक. नातवंडांच्या ठोकळ्यांच्या डब्याचा खापरपणजोबा तो. एवढ्या निरुपद्रवी माणसाच्या शाळांवर प्रशियाच्या सरकारने 1851 साली बंदी घातली! नास्तिक आणि समाजवादी म्हणून. त्याच्या पुतण्याच्या लिखाणाशी गल्लत झाली होती. बंदी उठली 1860 साली. फ्रोबेल 1852 सालीच वारला होता. सरकारी खात्यात 31 वर्षं काढल्यामुळे मला यात नवल वाटत नाही.

लातूर जिल्ह्यातून एक अंगणवाडी सेविका: ताई, मी रोज आल्या आल्या मुलांची नखं आणि केस बघते, मग प्रार्थना घेते. आमच्या मॅडम म्हणतात वेळापत्रकात आधी प्रार्थना आहे, क्रम बदलू नका. माझं चुकतं का? आणि दुसरं, आम्हाला शिक्षिका का म्हणत नाहीत? मानधनच म्हणतात, पगार नाही.

दुसरं आधी. योजनेत सेवा सहा: पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, दवाखान्यात पाठवणं, आयांना पोषणाचं शिक्षण, आणि शाळेआधीचं शिक्षण. सहातलं एक. खिचडी शिजली नाही तर गावात बोंब होते, गाणं झालं नाही तर कुणालाच कळत नाही. म्हणून सेविका म्हणजे खिचडी आणि रजिस्टर, ही समजूत पक्की झाली. गर्भवतीचं नाव, बाळाचं वजन, जन्ममृत्यू सगळं तुमच्याकडे, आणि तरी पदनाम 'सेविका', म्हणजे सेवा करणारी, मग सेवेला पगार कसला! शब्द किती स्वस्तात पडला बघा सरकारला. 25 एप्रिल 2022 ला सर्वोच्च न्यायालयाने गुजरातमधल्या प्रकरणात सेविका आणि मदतनिसांना 1972 च्या कायद्याने ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असा निकाल दिला. 2020 च्या शैक्षणिक धोरणाने तिसऱ्या वर्षापासूनचं शिक्षण पायाभूत टप्प्यात घेतलं. ही दोन्ही कागदपत्रं तुमच्या संघटनेकडे मागा, स्वतः वाचा, दुसऱ्याने सांगितलेलं धरून चालू नका.

आता नखं. तुमचं अजिबात चुकत नाही. ताराबाई-अनुताईंचा क्रम हाच होता. मॅडमना माझा हा अंक दाखवा, मीही त्यांच्याच खुर्चीवर बसून असंच वागले आहे, त्या समजतील. फार ताणलंच तर नखं कापताना प्रार्थना म्हणा, एका वेळी दोन्ही होतात. फक्त सगळ्यांना एकच नेलकटर वापरत असाल तर दोन घ्या आणि आलटून पालटून उकळत्या पाण्यात टाका. आणि एका दिवशी सगळ्यांची नको. सोमवारी पाच, मंगळवारी पाच. ज्या पोराला बोट पुढे करायची भीती वाटते त्याच्या हातात आधी बाहुली द्या, तिची नखं 'कापा', मग त्याची. माझ्या भागातल्या एका सेविकेने हे केलं होतं. चार दिवसांनी तो पोरगा दहाही बोटं पसरून सकाळी सगळ्यांच्या आधी दारात उभा.